परत आल्यावर पहिलं काम

४ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ही वहीही सांगितली. "रोज मनातलं लिहून काढा, डोक्यात साठवू नका," म्हणाल्या. माझ्या डोक्यात काही साठत नाही, सगळं तोंडावाटे बाहेर पडतं, असं नवऱ्याचं मत. तरी लिहून बघते.

सुरुवात चांगल्या बातमीने. आजपासून मी बोटीच्या खिडकीवरची मुख्य तपासनीस. पलीकडच्या देशाने नवा नियम काढलाय. आमच्या बोटीतून उतरलेला माणूस तिकडे गेल्यावर "मला परत पाठवू नका, आसरा द्या" म्हणाला, तर दंड बोट कंपनीला. म्हणून कंपनी म्हणते, असली माणसं इथेच ओळखा आणि इथेच थांबवा, हातात प्रवासाचा परवाना असला तरी. ओळखायचं कसं, ते मात्र कुणी सांगत नाही. मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा तो प्रश्न सगळ्यांना शिकवा."

माझा प्रश्न साधा आहे. तिकीट हातात घ्यायचं, हसायचं आणि विचारायचं, "सहलीहून परत आल्यावर पहिलं काम काय?" खरा प्रवासी लगेच कुरकुरायला लागतो. कपड्यांचा ढीग धुवायचाय, मांजर शेजाऱ्यांकडे ठेवलंय, सोमवारी ऑफिसात साहेब वाट बघतोय. ज्याला परत यायचंच नाही तो गप्प होतो. क्षणभरच, पण होतो. इतकी वर्षं खिडकीत बसून केस पांढरे केले ते काही उगाच नाही.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी तोंड गोड केलं. नवरा म्हणाला, "म्हणजे आसरा मागायचा तर तिकडच्या जमिनीवर उभं राहून मागायचा, आणि तिकडे पोचू द्यायचं नाही. दार उघडं ठेवून जिना काढून घेण्यासारखं झालं." छापखान्यात काम करतो ना, फुकट वाचून वाचून डोकं असं चालतं. मी म्हटलं, नियम मी केलेला नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तिघांना थांबवलं. दोघांनी आरडाओरडा केला, त्याचं काही वाटत नाही. आरडाओरडा काचेच्या पलीकडे राहतो.

तिसरी बाई माझ्याच वयाच्या आसपासची. परवाना चोख, वर्षाअखेरपर्यंतचा. तिकीट चोख. मी प्रश्न विचारला आणि ती गप्प झाली. क्षणभर नाही, चांगली गप्प झाली, आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. खोटं बोलायची सवय नसावी. मी नावापुढे लाल खूण केली. एकदा खूण पडली की कुठल्याही खिडकीवर ते नाव लाल दिसतं. काढायची तर जिने टाकली तिने किंवा साहेबांनी, आणि कारण लिहून.

ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माझी बॅग जरा सांभाळून द्या हं, तिचा पट्टा तुटलाय. दोरी बांधलीय." पिवळी दोरी होती.

साहेब म्हणाले, "शाबास."

१२ ऑक्टोबर, बुधवार

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन. आज बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

सासूबाई घरी आल्या, पण पलंगावर. डॉक्टर म्हणतात तीन महिने तरी उठबस दुसऱ्याच्या हातून. नवरा आणि मी आळीपाळीने रजा काढतोय. बेडपॅन द्यायचं कसब मला नाही. काल चादर बदलताना मी पुटपुटले, ते सासूबाईंनी ऐकलं. "बाई गं, मला काय हौस आहे का?" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. मला स्वतःचीच लाज वाटली, पण पाठही दुखत होती.

नणंदेने फोन केला. तिच्या ओळखीत एक बाई आहे, बाहेरच्या देशातून आलेली, कामाच्या शोधात. राहून करेल. तिने म्हणे खास आमच्याच घराबद्दल विचारलं. आमची कीर्ती पसरलेली दिसते.

२३ ऑक्टोबर, रविवार

बाई आली. नमस्कार केला, सासूबाईंच्या खोलीत गेली, खिडकी उघडली, उशी पाठीमागे नीट लावली आणि विचारलं, "आजी, चहा कसा घेता?" सासूबाईंचा चेहरा उजळला. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे पास.

मग ती सामान ठेवायला मागच्या खोलीत गेली आणि मी चादर द्यायला तिच्यामागे गेले. पलंगाखाली बॅग. पट्ट्याला पिवळी दोरी.

मी चादर छातीशी धरली. ती वळली, हसली, "थँक्यू ताई" म्हणाली. तिने ओळखलं नाही. कसं ओळखणार? खिडकीत माझ्या डोक्यावर टोपी, गळ्यात निळा स्कार्फ, मध्ये काच. घरात मी केस सोडलेली, गाऊन घातलेली. मलाच आरशात ओळख पटत नाही.

नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाला, "सांगून टाक तिला."

मी म्हटलं, "आणि उद्या आईंचं कोण करेल, तुम्ही?"

तो उठून आईंचं औषध आणायला गेला. हे हत्यार कधीही चालतं.

३० ऑक्टोबर, रविवार

गणवेश आता कामावरच बदलते. बाईला सांगितलंय की मी "बोटीच्या ऑफिसात" आहे. ऑफिस म्हणजे काहीही असू शकतं. नवरा बोलणार नाही. सासूबाईंना दम दिलाय, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

मास्तरीणबाई, हे नाव सासूबाईंनी पाडलं. ती तिच्या देशात मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शाळा बंद करण्याचा हुकूम आला, तरी तिघी शिक्षिका एका घरात वर्ग घेत राहिल्या. बाकीच्या दोघींना एका सकाळी गाडीतून नेलं, त्यांचा पुढे पत्ता नाही. ही त्या दिवशी तापाने घरी होती. हे सगळं तिने मला भांडी पुसता पुसता सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ही बाई मला एवढं का सांगते कोण जाणे. लोकांना वाटतं मी ऐकून घेणारी आहे.

तिची मुलगी पलीकडे आहे, सात वर्षांची. नियम यायच्या आधी धाकटी बहीण तिला घेऊन गेली. हिची आई शेवटच्या घटका मोजत होती म्हणून ही मागे राहिली. आई गेली, ही निघाली, आणि आमच्या बोटीपर्यंत पोचली.

"मग पुढे?" असं मी विचारलंसुद्धा! माझ्या तोंडाला काय म्हणावं?

ती म्हणाली, "मग थांबले, ताई."

६ नोव्हेंबर, रविवार

रोज संध्याकाळी ती मुलीला फोन लावते. पहिल्यांदा बहीण बोलते, मग मुलीला बोलावते, मग बराच वेळ ही एकटीच बोलत असते. आज कळलं की मुलगी फोनवर येते पण बोलत नाही. रुसली आहे. तिच्या मते आईला यायचंच नाहीये. मावशीने समजावलं की आईला आत सोडत नाहीत, तर म्हणाली, आई खोटं सांगते. बोटी रोज येतात, मी खिडकीतून बघते.

मास्तरीणबाई हे हसत सांगत होती. मग बटाटे सोलायला घेतले आणि सालीबरोबर अर्धा बटाटा काढला.

लाल खूण काढायला दोन मिनिटं लागतात. कारण लिहायचं: "नजरचूक". सोमवारी बघते.

७ नोव्हेंबर, सोमवार

आज खिडकीवर फार गर्दी होती.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंनी घात केला. मी हात धूत होते आणि आत त्यांचं सुरू होतं, "माझी सून म्हणजे साधी नव्हे. नुसत्या एका प्रश्नावर माणूस ओळखते. परत आल्यावर पहिलं काम काय, असं विचारते. बोलला तर जा, गप्प बसला तर घरी!"

माझे हात नळाखालीच राहिले.

मास्तरीणबाई म्हणाली, "हो का? छान प्रश्न आहे." मग, "आजी, पण एखादीला परत यायला घरच नसलं तर ती काय सांगणार?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग काहीतरी ठोकून द्यायचं! त्यात काय!" आणि दोघी हसल्या.

मी बाहेर आले तर ती सासूबाईंच्या पायाला तेल लावत होती. माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखंच. तिला काही कळलेलं नाही. असले प्रश्न खूप ठिकाणी विचारतात.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

काल विसरून निळा स्कार्फ घरी आला, धुवायच्या कपड्यांत. आज सकाळी तो इस्त्री करून माझ्या खुर्चीवर ठेवलेला. बोटीचं चिन्ह बरोबर वर येईल अशी घडी. नशीब, तिला चिन्हाचा अर्थ लागला नसावा.

सासूबाई आता आधाराने चार पावलं टाकतात. केस फक्त तिच्याकडूनच धुऊन घेतात. मी धुते तेव्हा म्हणे साबण डोळ्यांत जातो. इतकी वर्षं गेला नाही तो!

नवऱ्याने काल रात्री परत विचारलं, "काढलीस का खूण?" मी म्हटलं, आई जरा चालत्या होऊ देत. वर्षाअखेरपर्यंत मुदत आहे, कुठे पळून जातेय? तो म्हणाला, "ती नाही पळून जात. तू पळतेयस." रात्रभर तळमळत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच. मला आयती मदत मिळालीय आणि तिचं पोर खिडकीत बसलंय, आणि मध्ये मी आहे. हे मला समजतं. समजून काही करत नाही, हेही समजतं.

सोमवारी नक्की.

३ डिसेंबर, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण कुणाला सांगू?

मास्तरीणबाईने आज सुट्टी मागितली होती. म्हणाली, एक काम आहे. मी खुशीने दिली, तेवढीच मनाला टोचणी कमी.

अकराच्या बोटीची रांग. आज नेमके साहेब माझ्या खुर्चीमागे उभे, नव्या मुलींना दाखवायला की बघा, काम कसं करतात. शेजारची खिडकी रिकामी होती. तिकडची मुलगी हात करून बोलवत होती. तरी एक बाई माझ्याच रांगेत उभी राहिली. स्वच्छ कोट, केस नीट बांधलेले, बॅगेला नवा पट्टा.

तिने तिकीट आणि परवाना काचेखालून सरकवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती. आपल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

साहेब मागून म्हणाले, "विचारा."

मी विचारलं. "परत आल्यावर पहिलं काम काय?"

ती लगेच म्हणाली, "घरी एक आजी आहेत. त्यांचे केस धुवायचेत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. कुरकुर फार करतात हो, पण माया आहे."

साहेब खूश झाले. "बघा, हे उत्तर! असं उत्तर आलं की सोडायचं." नव्या मुलींनी माना डोलावल्या. मी संगणकात नाव टाकलं आणि पडदा लाल झाला.

"हे काय? कुणी टाकली खूण?"

"मीच, साहेब."

"का?"

एक शब्द पुरला असता. चुकून. तेवढंच म्हणायचं होतं. साहेबांचा मूड चांगला होता, त्यांनीच बटण दाबलं असतं. पण माझ्या डोक्यात एकदम सगळं आलं. उद्या ती तिकडे उतरून आसरा मागणार, चौकशी इथवर येणार, आणि निघणार काय, तर मुख्य तपासनीसबाईंनी घरात ठेवून घेतलेली बाई बोटीत बसवली. नोकरी जाणार. आणि वहीत तरी खोटं कशाला लिहू, त्या क्षणी डोळ्यांपुढे सासूबाईंचं बेडपॅनसुद्धा आलं.

मी म्हटलं, "संशय होता, साहेब."

"आणि आता?"

"आहेच."

साहेबांनी मुलींना सांगितलं, "पाहिलंत? उत्तर पाठ करूनही येतात. यांच्या नजरेतून सुटत नाही."

तिने कागद गोळा केले. या वेळी हातांकडे नाही बघितलं. माझ्याकडेच बघत होती, वर्गातल्या हुशार पोरीने साधी बेरीज चुकवावी आणि बाईंनी बघत राहावं तशी.

४ डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळी मी जिन्यातच उभी होते. वर जायचं धाडस होत नव्हतं. वाटलं, ती गेली असेल, बरंच होईल. आतून पाण्याचा आवाज येत होता. ती सासूबाईंचे केस धूत होती.

आम्ही जेवायला बसलो. नवऱ्याला माझ्या तोंडावरून समजलं. तो ताट घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं.

मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ताई. ऑक्टोबरात तुम्ही थांबवलंत, त्यानंतर मी धक्क्यावरच राहत होते. तुम्हाला येता-जाता बघायचे. तुमच्या नणंदबाईंचं दुकान तिथेच आहे. त्यांच्याकडून कळलं की तुमच्याकडे माणूस हवंय. मग मीच मागून घेतलं काम."

"माझ्याच घरी? का?"

तिने टेबलावरचे भाताचे कण एका बोटाने गोळा केले. म्हणाली, "ओळखीच्या माणसाला कुणी अडवत नाही, असं वाटलं. तुम्हाला माझी ओळख व्हावी म्हणून आले. सगळं सांगितलं तुम्हाला. शाळेचं सांगितलं, आईचं सांगितलं, मुलीचं सांगितलं. आणखी काय सांगायला हवं होतं?"

मी रडले. ती नाही रडली. रडून मी तिच्यावर आणखी एक काम टाकलं, तिने उठून मला पाणी दिलं.

मी शपथ घेतली. आज रविवार, माझी सुट्टी; उद्या सोमवार. उद्या पहिलं काम खूण काढणं. दुपारच्या बोटीने तिला बसवते, चौकशी येऊ दे, नोकरी जाऊ दे. नवऱ्याने मान डोलावली. सासूबाईंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबवलंस होय गं तिला? मला विचारलंस तरी का? मी सरपटत गेले असते न्हाणीघरात."

५ डिसेंबर, सोमवार

आठ वाजता खिडकी उघडायच्या आधी खूण काढली. कारणाच्या जागी लिहिलं: माझी चूक. तिला फोन केला, ये. ती म्हणाली, आले.

नऊ वाजता साहेब कागद घेऊन आले आणि काचेवर आतून चिकटवला. तिच्या देशातल्या लोकांचे सगळे परवाने आज सकाळपासून रद्द. मुदत असली तरी रद्द. पुढचा आदेश येईपर्यंत. पलीकडच्या सरकारने काल रात्री ठरवलं.

मी साहेबांना विचारलं, "शनिवारी गेले असते ते?"

"ते गेले. पोचले ते पोचले. आता नाही."

ती बॅग घेऊन धावत आली. धापा टाकत खिडकीपुढे उभी राहिली आणि हसली. मग तिने कागद वाचला. मी काचेच्या आत होते. मागच्या माणसाने तिला विचारलं, "बाई, तुम्ही रांगेत आहात का?" तर ती म्हणाली, "नाही, तुम्ही जा पुढे," आणि बाजूला झाली.

९ डिसेंबर, शुक्रवार

नवरा रोज कुठल्या ना कुठल्या वकिलाला भेटतो. वकील म्हणतात बघू. इथला तिचा मुक्काम महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर इथलं सरकार तिला मूळ देशात पाठवणार, त्या गाडीवाल्यांच्या हातात. सासूबाई म्हणतात, इथेच लपवून ठेवू, माझ्या पलंगाखाली. आणि खरंच म्हणतात.

मी राजीनामा लिहून ठेवलाय. नवरा म्हणतो दे. मास्तरीणबाई म्हणाली, "देऊ नका, ताई. तुमच्या जागी दुसरी येईल, तिचं घर मला माहीत नाही." हे ती रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

आज संध्याकाळी तिने नेहमीसारखा फोन लावला. बहीण बोलली, मग मुलीला बोलावलं. ही बोलत राहिली, पलीकडून काही नाही. मी दारात उभी होते. तिने फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ती म्हणते, आई मुद्दाम येत नाही. तुम्ही सांगा तिला. तुम्हाला खरं माहीत आहे."

मी मान हलवली, नको. तिने हात मागे घेतला नाही. सासूबाई आतून ऐकत होत्या, नवरा टेबलाशी. फोन घ्यावा लागला.

लहान मुलांशी बोलायचा गोड आवाज काढायला गेले, तो निघाला नाही. मी म्हटलं, "बाळ, तुझी आई आली होती. तीनदा आली. बॅग घेऊन आली. ती येतच होती. मी बोटीवर काम करते. मी तिला अडवलं."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

मग आवाज आला. किती दिवसांनी तिच्या आईने तो ऐकला असेल, कारण मास्तरीणबाई एकदम पुढे झाली आणि तिने माझ्या कानाशी कान लावला.

"मग आता सोडा ना," मुलगी म्हणाली.